विली ओ'री

विल्यम एल्डन ओ'री, प्रचलित नाव विली ओ'री (जन्म : १५ ऑक्टोबर १९३५, फ्रेडरिक्टन, न्यू ब्रन्सविक, कॅनडा) हे कॅनडाचे माजी व्यावसायिक आइस हॉकीपटू आहेत. १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टन ब्रुइन्स संघाकडून मैदानात उतरून ते नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएलमध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. या लीगमध्ये ते केवळ ४५ सामने खेळले. त्यांच्या दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या कारकिर्दीचा उरलेला सारा भाग दुय्यम लीगमध्ये, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या प्रांतांपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या निरनिराळ्या संघांत गेला. या संपूर्ण व्यावसायिक कारकिर्दीत त्यांचा उजवा डोळा जवळजवळ दृष्टिहीन होता आणि ही गोष्ट त्यांनी संघ, प्रशिक्षक व सहकारी यांच्यापासून लपवून ठेवली होती.

भारतात 'हॉकी' हा शब्द सहसा गवतावरील किंवा कृत्रिम हिरवळीवरील खेळासाठी वापरला जातो. आइस हॉकी हा त्याहून वेगळा खेळ आहे. तो बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, म्हणजे रिंकवर, स्केट घालून खेळतात. चेंडूऐवजी 'पक' नावाची कठीण रबरी चकती असते, एका वेळी प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे हा नियमात बसणारा डावपेच मानला जातो. ओ'री यांच्या उमेदीच्या काळात बहुतेक खेळाडू शिरस्त्राण घालत नसत आणि चेहऱ्याला कसलेही संरक्षण नसे. त्यांच्या आयुष्यातील निर्णायक दुखापत समजण्यासाठी ही पार्श्वभूमी आवश्यक आहे.

पूर्वज आणि बालपण

ओ'री यांचे पूर्वज अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात आले होते. विली हे तेरा भावंडांतील सर्वांत धाकटे. फ्रेडरिक्टन ही न्यू ब्रन्सविक प्रांताची राजधानी असली तरी त्या काळी ते लहानसेच शहर होते आणि तेथे कृष्णवर्णीय कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी होती. हिवाळा दीर्घ असल्याने बर्फावर चालण्याइतकेच स्केटवरून सरकणेही मुलांच्या अंगवळणी पडत असे. विली तिसऱ्या वर्षी स्केटिंग शिकले आणि पाचव्या वर्षापासून हॉकी खेळू लागले. वडील घरामागच्या अंगणात पाणी सोडून ते गोठू देत आणि मुलांसाठी खेळायची जागा तयार करीत. थोरले बंधू रिचर्ड हे त्यांचे पहिले शिक्षक ठरले. अंगावर येणारी धडक कशी द्यावी आणि कशी सोसावी, हे विली त्यांच्याकडून शिकले.

उन्हाळ्यात ते बेसबॉल खेळत आणि त्यातही त्यांना चांगली गती होती. १९४९ मध्ये त्यांच्या बेसबॉल संघाने स्पर्धा जिंकली व बक्षीस म्हणून मुलांना न्यू यॉर्कची सहल मिळाली. तेथे ब्रुकलिनमधील एबेट्स फील्ड या मैदानावर त्यांची जॅकी रॉबिन्सन यांच्याशी भेट झाली. रॉबिन्सन यांनी दोनच वर्षांपूर्वी, १९४७ मध्ये, अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधील वर्णबंदी मोडली होती. आपण बेसबॉल खेळतो, पण आपला आवडता खेळ हॉकी आहे, असे विलीने सांगितल्यावर रॉबिन्सन यांना आश्चर्य वाटले. कृष्णवर्णीय मुले हॉकी खेळतात याची त्यांना कल्पना नव्हती. पुढे १९६२ मध्ये लॉस एंजेलस येथील एका समारंभात दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा रॉबिन्सन यांनी फ्रेडरिक्टनच्या त्या मुलाला ओळखले, अशी आठवण ओ'री यांनी अनेकदा सांगितली आहे.

ज्या दारातून पूर्वी कोणी आत गेले नव्हते

ओ'री यांच्या आधी कॅनडात गुणवान कृष्णवर्णीय हॉकीपटू नव्हते असे नाही. टोरंटोचे हर्ब कार्नेगी, त्यांचे बंधू ऑसी आणि न्यू ब्रन्सविकचेच मॅनी मॅकिन्टायर हे तिघे १९४० च्या दशकात क्यूबेक प्रांतातील लीगमध्ये एकाच फळीत खेळत. हर्ब कार्नेगी हे त्या पिढीतील उत्कृष्ट खेळाडूंपैकी एक मानले जात. १९४८ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्स या एनएचएल संघाने त्यांना सराव शिबिरासाठी बोलावले, परंतु मुख्य संघात जागा न देता दुय्यम संघाचा करार पुढे केला. क्यूबेकमध्ये त्यांना त्याहून अधिक मोबदला मिळत होता, म्हणून त्यांनी तो नाकारला. एनएचएलमध्ये खेळण्याची संधी त्यांना पुन्हा मिळाली नाही.

त्या काळात एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते आणि प्रत्येक संघात साधारण वीस जागा, म्हणजे साऱ्या उत्तर अमेरिकेतील खेळाडूंसाठी सुमारे सव्वाशे जागा उपलब्ध असत. कोवळ्या वयात करारावर सही केलेल्या खेळाडूवर एकाच क्लबचा हक्क राही. तो क्लब त्याला वाटेल त्या दुय्यम संघात पाठवू शके, विकू शके किंवा दुसऱ्याशी अदलाबदल करू शके, आणि खेळाडूला त्यात फारसे बोलण्यास वाव नसे. या सहा संघांखाली अमेरिकन हॉकी लीग, वेस्टर्न हॉकी लीग, क्यूबेक हॉकी लीग अशा अनेक व्यावसायिक लीग होत्या. त्यांत खेळणारे कित्येक जण आजच्या मोठ्या लीगमध्ये सहज सामावले गेले असते. वर्णभेदाचा लेखी नियम कोठेही नव्हता आणि त्यामुळेच तो सिद्ध करणेही अवघड होते. जागाच कमी होत्या, एवढे कारण कोणालाही वगळण्यास पुरेसे ठरे.

किचनर येथील दुखापत

ओ'री १९५४-५५ च्या हंगामात क्यूबेक फ्रॉन्टेनॅक्स या ज्युनियर संघाकडून आणि पुढच्या हंगामात ऑन्टारियो प्रांतातील किचनर कनक्सकडून खेळले. किचनरकडून खेळताना गोलासमोरच्या गर्दीत ते उभे असता एका जोरदार फटक्याने उडालेला पक त्यांच्या चेहऱ्यावर येऊन आदळला. नाक व गालाचे हाड मोडले आणि उजव्या डोळ्याच्या पडद्याला गंभीर इजा झाली. त्या डोळ्याची दृष्टी परत येणार नाही आणि यापुढे हॉकी खेळू नये, असे शल्यविशारदांनी सांगितले. त्या वेळी ओ'री विशीच्या उंबरठ्यावर होते.

काही आठवड्यांतच ते पुन्हा बर्फावर उतरले. जे दिसत नाही त्याची चिंता सोडून जे दिसते त्यावर लक्ष द्यायचे, असे त्यांनी स्वतःला बजावले होते. या अंधत्वाविषयी त्यांनी आपल्या एका बहिणीशिवाय कोणालाही सांगितले नाही. आईवडिलांना कळले तर ते खेळ थांबवतील अशी भीती होती. दुसरी भीती अधिक व्यावहारिक होती. एका डोळ्याने अंध असलेल्या खेळाडूस एनएचएलच्या नियमांनुसार खेळता येत नसे. हा नियम फ्रँक ट्रुशिन्स्की या जुन्या खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. खेळताना एक डोळा गमावल्यावरही ते खेळत राहिले होते आणि नंतर त्यांच्या दुसऱ्या डोळ्यालाही दुखापत झाली होती. योगायोग असा की ट्रुशिन्स्की हेही किचनरच्याच संघाचे खेळाडू होते. नियमामागचा हेतू खेळाडूच्या भल्याचा होता, हे नाकारता येत नाही. ओ'री यांनी पत्करलेला धोका किती मोठा होता, हेही त्यावरून स्पष्ट होते. त्या काळी संघांकडून दृष्टीची कसून तपासणी होत नसे, म्हणून हे गुपित टिकले.

खेळाच्या दृष्टीने हा तोटा नेमका काय होता, हे त्यांच्या जागेवरून समजते. ओ'री डाव्या हाताने खेळणारे आणि डाव्या बगलेवरचे, म्हणजे लेफ्ट विंगचे खेळाडू होते. डाव्या कडेने धावणाऱ्या खेळाडूकडे पक येतो तो बहुधा उजवीकडून, मैदानाच्या मध्यभागातून. धडक देणारा बचावपटूही त्याच बाजूने येतो. ओ'री यांचा नेमका तोच डोळा निकामी होता. पक पाहण्यासाठी त्यांना मान पूर्ण वळवून डावा डोळा उजव्या खांद्यावर आणावा लागे, आणि तेवढ्या क्षणात पक निसटे किंवा न दिसलेली धडक बसे. ही उणीव ते आपल्या असाधारण वेगाने भरून काढीत.

जॉर्जियातील शिबिर

१९५६ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाने त्यांना जॉर्जिया राज्यातील वेक्रॉस येथे चाचणी शिबिरासाठी बोलावले. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा वर्णविभक्तीचे कायदे लागू होते. उतरल्या क्षणापासून गोऱ्यांसाठी वेगळ्या आणि इतरांसाठी वेगळ्या सोयींच्या पाट्या दिसू लागल्या. शिबिरातही कृष्णवर्णीय खेळाडूंची राहण्याची व्यवस्था निराळी होती. निवड झाली नाही याचे ओ'री यांना दुःख झाले नाही. परतीच्या प्रवासात बसच्या मागच्या बाकांवर बसावे लागले आणि बस उत्तरेकडे जात राहिली तसतसे ते एकेक बाक पुढे सरकत आले, असे त्यांनी या प्रवासाचे वर्णन केले आहे. घरी पोहोचेपर्यंत बेसबॉल सोडून केवळ हॉकी खेळण्याचा त्यांचा निश्चय झाला होता.

क्यूबेक ते बॉस्टन

त्याच वर्षी ते क्यूबेक एसेस या व्यावसायिक संघात दाखल झाले. पंच इम्लॅक हे या संघाचे प्रशिक्षक होते. पुढे त्यांनी टोरंटो मेपल लीफ्सला चार स्टॅन्ली चषक जिंकून दिले. १९५६-५७ च्या हंगामात एसेसने क्यूबेक लीगचे विजेतेपद आणि त्यापाठोपाठ पश्चिमेकडील विजेत्यांना हरवून एडिनबरो करंडक मिळवला. या संघात नोव्हा स्कोशियातील ट्रुरो येथील स्टॅन मॅक्सवेल हे आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडू होते. पुढे लॉस एंजेलस आणि सॅन डिएगो येथेही मॅक्सवेल त्यांचे सहकारी झाले. त्यांना मात्र एनएचएलचा एकही सामना मिळाला नाही.

जानेवारी १९५८ मध्ये बॉस्टन ब्रुइन्सचे काही खेळाडू जायबंदी झाल्याने बदली म्हणून ओ'री यांना बोलावणे आले. १८ जानेवारीला मॉन्ट्रियल फोरमवर मॉन्ट्रियल कॅनेडियन्सविरुद्धचा सामना ब्रुइन्सने ३-० असा जिंकला. ओ'री यांना त्यात गोल करता आला नाही. दुसऱ्या दिवशी हेच दोन संघ बॉस्टनमध्ये खेळले, त्यात मॉन्ट्रियलने सरशी केली आणि त्यानंतर ओ'री क्यूबेकला परतले.

एका मोठ्या लीगची वर्णबंदी मोडली गेल्याची ही घटना जवळजवळ निःशब्दपणे घडली. वृत्तपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नाही. आपण काही इतिहास घडवला याची कल्पना आपल्यालाही त्या रात्री नव्हती, असे ओ'री यांनी म्हटले आहे. मॉन्ट्रियलच्या प्रेक्षकांना ते नवखे नव्हते, कारण क्यूबेक लीगच्या सामन्यांसाठी ते त्याच रिंकवर वारंवार खेळलेले होते. रॉबिन्सन यांच्याशी त्यांची तुलना पुढे नेहमी होऊ लागली, पण दोन्ही प्रसंगांत मोठा फरक आहे. रॉबिन्सन यांच्यामागे एका संघमालकाची जाणीवपूर्वक आखलेली योजना होती, ते संघात कायम राहिले आणि त्यांच्यापाठोपाठ इतर खेळाडू आले. ओ'री यांच्या बाबतीत कोणतीही योजना नव्हती. एका जखमी खेळाडूची जागा त्यांनी दोन दिवस भरून काढली. त्यांच्यानंतर एनएचएलमध्ये येणारे कृष्णवर्णीय खेळाडू माइक मार्सन हे १९७४ मध्ये, वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाकडून खेळले.

१९६०-६१ चा हंगाम

मधल्या काळात ओ'री क्यूबेक, स्प्रिंगफील्ड आणि किंग्स्टन येथील संघांकडून खेळले. १९६०-६१ चा हंगाम त्यांनी हल-ओटावा कॅनेडियन्स या संघातून सुरू केला आणि मध्यावर त्यांना पुन्हा बॉस्टनला बोलावण्यात आले. या वेळी ते हंगाम संपेपर्यंत राहिले व ४३ सामने खेळले.

१ जानेवारी १९६१ रोजी बॉस्टन गार्डनवर मॉन्ट्रियलविरुद्ध त्यांनी एनएचएलमधील आपला पहिला गोल केला. एनएचएलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूने केलेला तो पहिलाच गोल होता. सामना ब्रुइन्सने ३-२ असा जिंकला आणि निर्णायक गोल ओ'री यांचाच ठरला. प्रेक्षकांनी बराच वेळ उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. हंगामाअखेर त्यांच्या नावावर ४ गोल आणि १० गोलसाहाय्ये जमा होती.

बॉस्टनच्या प्रेक्षकांनी आणि सहकाऱ्यांनी आपल्याला आपलेसे केले, असे ओ'री यांनी आवर्जून सांगितले आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावरचा अनुभव वेगळा होता. टोरंटो आणि मॉन्ट्रियलच्या तुलनेत शिकागो, डेट्रॉइट व न्यू यॉर्क येथे प्रेक्षकांमधून वांशिक शिवीगाळ अधिक होई. शिकागो येथील एका सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडूने अपशब्द वापरून स्टिकच्या टोकाने त्यांच्या तोंडावर प्रहार केला. त्यात त्यांचे दोन दात पडले, ओठ फाटला आणि नाक मोडले. ओ'री यांनी उलट स्टिक त्याच्या डोक्यात हाणली आणि दोन्ही संघ एकमेकांवर धावून गेले. दोघांनाही सामन्याबाहेर काढण्यात आले. शब्दांना उत्तर द्यायचे नाही, मात्र कोणी अंगावर हात टाकला तर मागे हटायचे नाही, असा दंडक त्यांनी स्वतःपुरता घालून घेतला होता. आपल्याला मारामारी करावी लागली ती आपल्या इच्छेने नव्हे, गरज म्हणून, असे त्यांचे म्हणणे असे.

हंगाम संपल्यावर व्यवस्थापनाने त्यांना पुढील वर्षी संघात स्थान असल्याचे सांगितले. ते फ्रेडरिक्टनला घरी गेले. काही आठवड्यांनी त्यांना बाहेरूनच कळले की आपली रवानगी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडे झाली आहे. खेळाडूला न विचारता अशा अदलाबदली होणे त्या काळी सामान्य होते, परंतु या विशिष्ट बदलीचा अर्थ ओ'री यांच्या लगेच ध्यानात आला. मॉन्ट्रियलने १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे स्टॅन्ली चषक जिंकला होता. अशा संघात नवोदिताला जागा मिळण्याची शक्यता नगण्य होती. मॉन्ट्रियलने त्यांना पुन्हा हल-ओटावा येथे पाठवले आणि १९६१-६२ च्या हंगामातच लॉस एंजेलस ब्लेड्सला विकले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांची एनएचएल कारकीर्द संपली होती. व्यावसायिक कारकिर्दीचा मोठा भाग मात्र अजून पुढेच होता.

पश्चिम किनाऱ्यावरील वर्षे

ब्लेड्स हा संघ वेस्टर्न हॉकी लीगमध्ये खेळे. सिअ‍ॅटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्को अशा दूरदूरच्या शहरांतील संघांची ही लीग दर्जाने एनएचएलच्या खालोखाल होती, आणि सहा संघांच्या त्या काळात मोठ्या लीगच्या अगदी उंबरठ्यावर थांबलेल्या अनेक खेळाडूंचे ते कायमचे घर झाले होते. बर्फाशी काहीही संबंध नसलेल्या लॉस एंजेलसमध्ये हॉकीचा प्रेक्षक तयार करण्याचे काम याच लीगने केले.

येथे त्यांच्या खेळात एक साधा पण मूलभूत बदल झाला. संघाकडे डाव्या बगलेचे खेळाडू जास्त झाल्याने प्रशिक्षकांनी त्यांना उजव्या बगलेवर खेळवून पाहिले. प्रशिक्षकांना त्यांच्या डोळ्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. उजव्या कडेने धावताना मैदानाचा सारा मध्यभाग डाव्या, म्हणजे चांगल्या डोळ्याच्या टप्प्यात आला. पक येताना दिसू लागला आणि मान वळवण्याची गरज उरली नाही. परिणाम आकड्यांत दिसला : १९६४-६५ च्या हंगामात त्यांनी ३८ गोल केले. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये त्यांनी एकूण चार हंगामांत तीस किंवा त्याहून अधिक गोल नोंदवले आणि १९६८-६९ मध्ये ३८ गोलांची पुनरावृत्ती केली. एनएचएलमधील ४५ सामने ते न दिसणाऱ्या बाजूने खेळले होते, हे लक्षात घेतले तर त्या ४ गोलांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

१९६७ मध्ये एनएचएलने आपला विस्तार करून संघांची संख्या सहावरून बारा केली. लॉस एंजेलसला किंग्स हा एनएचएल संघ मिळाला आणि ब्लेड्स बंद पडला. एका फटक्यात दुप्पट झालेल्या जागांमुळे दुय्यम लीगमधील अनेक अनुभवी खेळाडूंना उशिरा का होईना, संधी मिळाली. एकतिसाव्या वर्षी आणि भरात असलेल्या ओ'री यांना मात्र कोणत्याही नव्या संघाने घेतले नाही. ते त्याच लीगमधील सॅन डिएगो गल्स संघात गेले. तेथे ते प्रेक्षकांचे लाडके खेळाडू बनले आणि सॅन डिएगो हेच पुढे त्यांचे कायमचे गाव झाले. त्यांच्या पत्नी मूळच्या ब्रिटिश कोलंबियातील, भारतीय वंशाच्या कॅनेडियन आहेत.

१९७२-७३ चा हंगाम त्यांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकन हॉकी लीगमधील न्यू हेवन नाइटहॉक्सकडून खेळून काढला. वयाच्या सदतिसाव्या वर्षीही दक्षिणेकडील एका शहरात प्रेक्षकांनी त्यांच्या दिशेने कापसाचे बोळे आणि एक काळे मांजर बर्फावर फेकल्याची आठवण त्यांनी सांगितली आहे. कापसाचा संदर्भ अर्थातच मळ्यांवरील गुलामगिरीचा होता. पुढच्या वर्षी ते गल्सकडे परतले. १९७४ मध्ये वेस्टर्न हॉकी लीग बंद पडली, तेव्हा त्यांच्या व्यवसायाचा आधारच नाहीसा झाला. स्थानिक पातळीवर ते खेळत राहिले आणि १९७८-७९ मध्ये पॅसिफिक हॉकी लीगमधील सॅन डिएगो हॉक्सकडून शेवटचा व्यावसायिक हंगाम खेळले. निवृत्तीच्या वेळी त्यांचे वय ४३ होते.

निवृत्तीनंतर

दुय्यम लीगमधील खेळाडूंना हंगामाबाहेर अन्य कामे करावीच लागत आणि निवृत्तीनंतर जगण्यास पुरेशी शिल्लक क्वचितच हाती राही. ओ'री यांनी बांधकामावर काम केले, मोटारी विकल्या, खाद्यगृहाचे व्यवस्थापन पाहिले आणि सुरक्षा व्यवसायात नोकरी केली. सॅन डिएगोजवळच्या प्रसिद्ध हॉटेल डेल कोरोनाडो येथे ते सुरक्षा विभागात होते. एनएचएलला त्यांची आठवण होण्यास या काळात जवळजवळ दोन दशके लागली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लीगने सर्व समाजगटांतील मुलांपर्यंत हॉकी नेण्याचा उपक्रम हाती घेतला आणि युवा विकासाचे संचालक म्हणून ओ'री यांची नियुक्ती केली. आइस हॉकी हा खर्चिक खेळ आहे. स्केट, स्टिक, संरक्षक साहित्य आणि रिंकचे भाडे गरीब कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यामुळे वर्णबंदी मोडल्यानंतरही खेळाडूंची रचना फारशी बदलली नव्हती. ओ'री यांनी साठी ओलांडल्यावर उत्तर अमेरिकेतील शहरांमध्ये फिरून शाळा, वस्त्या आणि बालसुधारगृहांतील मुलांशी संवाद साधला व अनेक ठिकाणी अल्प खर्चात किंवा विनामूल्य हॉकी शिकवणारे कार्यक्रम उभे करण्यास हातभार लावला. या कामातून ते एक लाखाहून अधिक मुलामुलींपर्यंत पोहोचल्याचे लीग सांगते. फिरतीचे हे आयुष्य त्यांच्या खेळाडू म्हणून जगलेल्या आयुष्यासारखेच होते. फरक एवढाच की आता ते कोठे जाणार हे दुसऱ्या कोणी अदलाबदलीत ठरवत नव्हते.

सन्मान

अमेरिकेतील हॉकीच्या सेवेबद्दल त्यांना २००३ मध्ये लेस्टर पॅट्रिक करंडक देण्यात आला. ऑर्डर ऑफ न्यू ब्रन्सविक आणि ऑर्डर ऑफ कॅनडा हे सन्मानही त्यांना मिळाले आहेत. फ्रेडरिक्टन शहराने २००८ मध्ये उभारलेल्या क्रीडा संकुलास 'विली ओ'री प्लेस' असे नाव दिले. सॅन डिएगो गल्सने त्यांचा २० हा क्रमांक निवृत्त केला. २०१८ मध्ये एनएचएलने समाजकार्य करणाऱ्या व्यक्तीसाठी त्यांच्या नावाचा वार्षिक पुरस्कार सुरू केला. त्यांच्या जीवनावरील 'विली' हा माहितीपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला.

२०१८ मध्येच त्यांचा टोरंटो येथील हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. फ्रेडरिक्टनमधील त्यांच्या मित्रांनी यासाठी पुढाकार घेऊन शिफारस केली होती. हा समावेश 'खेळाडू' या गटात न होता 'बिल्डर', म्हणजे खेळाची उभारणी करणाऱ्यांच्या गटात झाला. ४५ सामने, ४ गोल आणि १४ गुण ही एनएचएलमधील कामगिरी खेळाडूंच्या गटाच्या निकषांत बसणारी नाही, हे खरे आहे. दुय्यम लीगमधील वीस वर्षांच्या खेळाला त्या निकषांत स्थान नाही, हेही तितकेच खरे. हर्ब कार्नेगी यांना २०२२ मध्ये याच गटात मरणोत्तर स्थान मिळाले. त्यांचे निधन २०१२ मध्ये झाले होते.

बॉस्टन ब्रुइन्सने १८ जानेवारी २०२२ रोजी, त्यांच्या पहिल्या सामन्यास ६४ वर्षे पूर्ण होत असता, त्यांचा २२ हा क्रमांक निवृत्त केला. हा समारंभ आदल्या वर्षी व्हायचा होता, परंतु कोरोना महासाथीमुळे प्रेक्षकांविना तो करण्याऐवजी पुढे ढकलण्यात आला. ८६ वर्षांचे ओ'री सॅन डिएगोहून दूरदृश्य प्रणालीद्वारे त्यात सहभागी झाले. त्याच महिन्यात त्यांना काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याच्या विधेयकावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. अमेरिकेच्या कायदेमंडळाचा हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळवणारे ते एनएचएलचे पहिले खेळाडू आहेत.